दुशांबेला पहिल्यांदा निघालेल्या आईबाबांसाठी: कान उघडे ठेवा, पामीर पुढच्या खेपेला

लातूरहून एका ताईंनी विचारलंय. मुलगी ताजिकिस्तानात, दुशांबेला एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मे महिन्यात दहा दिवस आई आणि बाबा तिच्याकडे जाणार आहेत. बाबा 61 वर्षांचे, रक्तदाबाची गोळी चालू. दोघंही शाकाहारी आणि दोघांचाही हा पहिलाच परदेश प्रवास. "तिथे फारसी बोलतात म्हणे, आम्हाला त्यातलं ओ की ठो कळत नाही. खाण्याचं, पैशांचं, कपड्यांचं कसं करावं? आणि एवढं जातोच आहोत तर पामीर उरकून येता येईल का?"

मी बरीच वर्षं मध्य आशियात मराठी माणसांचे गट घेऊन जाते. ताई, सुरुवात तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून करते, कारण दहा दिवसांचं सगळं गणित त्यावर आहे. पामीर या वेळी नको.

दुशांबे ते खोरोग, म्हणजे पामीरच्या तोंडाशी असलेलं गाव, हा रस्ता सहाशे किलोमीटरच्या आसपास आहे. आपल्याकडे सहाशे किलोमीटर म्हणजे एक रात्र ट्रॅव्हल्समध्ये झोपून काढायची गोष्ट. तिथे पांज नदीच्या काठाने, नदीपलीकडचा अफगाणिस्तान बघत, खडकात कोरलेल्या रस्त्यावरून जीप हलत-डुलत जाते, आणि सलग गेलात तर पंधरा-सोळा तास सहज लागतात. म्हणजे वाटेत मुक्काम करत जाऊन-येऊन तुमचे चार दिवस गाडीत. त्यात खोरोग नुसतं दार आहे. खरं पामीर त्याच्या पुढे: मुर्गाब साधारण 3,600 मीटरवर, आणि आक-बायतालची खिंड 4,655 मीटरवर. आपलं कळसूबाई 1,646 मीटर आहे, म्हणजे अंदाज येईल. शिवाय त्या भागाला व्हिसावर वेगळा परवाना लागतो, तो अधूनमधून देणंच बंद होतं, आणि सीमेलगतचा रस्ता असल्याने परिस्थितीचा भरवसा नसतो.

माझ्या सुरुवातीच्या काळातली चूक सांगते. गटातल्या लोकांच्या आग्रहाला भुलून मी खोरोगहून एका दिवसात थेट मुर्गाब गाठलं. गटात एक काका होते, रोज पहाटे पर्वती चढणारे, सगळ्यात टुणटुणीत. रात्री दोन वाजता त्यांचं डोकं फुटायला आलं, उलट्या थांबेनात. झोपलेल्या ड्रायव्हरला उठवून अंधारात खाली उतरावं लागलं. हजारेक मीटर उतरल्यावर काका स्वतःच म्हणाले, "आता चहा चालेल." तीन हजार मीटरच्या वर गेलं की रोजचा मुक्काम आदल्या दिवसापेक्षा तीनशे ते पाचशे मीटरच वर असावा, आणि तेवढे दिवस हाताशी नसतील तर जाऊच नये. रक्तदाबाची गोळी चालू असलेल्या माणसाला तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नेऊच नका.

त्याऐवजी उत्तरेचा रस्ता धरा. शहरातून निघाल्या निघाल्या वरझोबची दरी लागते. नदीवर लाकडी बैठका टाकलेल्या असतात, खाली बर्फाचं पाणी घोंघावत असतं, आणि दुशांबेचे लोक रविवारी तिथे सहकुटुंब चहा पीत लोळत असतात. पुढे अंझोबच्या डोंगराखालून पाच किलोमीटरचा बोगदा आहे. एके काळी त्यात पाणी साचायचं, दिवे नसायचे, धुराने जीव गुदमरायचा, आणि लोक त्याला मृत्यूचा बोगदा म्हणायचे. आता बरा आहे, तरी काचा वर करूनच घ्या. पलीकडे इस्कंदरकुल, म्हणजे सिकंदराचं तळं, 2,200 मीटरवर. एक रात्र तिथे काढा. अंगात हुरूप असेल तर पुढे पंजाकेंत आणि तिथून ओळीने सात तळी असलेलं हफ्तकुल. हफ्त म्हणजे सात. आपला हप्तासुद्धा तिथलाच, मुळात सात दिवसांचा.

इथून भाषेकडे वळते.

तुम्हाला फारसी येत नाही असं तुम्हाला वाटतं. शिवकाळात राज्यव्यवहारातले फारसी शब्द काढून संस्कृत शब्द घालायचा मोठा प्रयत्न झाला, तरी शेकडो शब्द आपल्या घरात ठाण मांडून बसले ते बसलेच. ताजिक ही फारसीच आहे, फक्त तिथे आपल्या 'आ'चा 'ओ' होतो. एवढी एक किल्ली कानाला लावली की बोझोर म्हणजे बाजार, दुकोन म्हणजे दुकान, हझोर म्हणजे हजार, दरवोझा म्हणजे दरवाजा, हिसोब म्हणजे हिशोब. गर्म आणि सर्द तर आहे तसेच. आकडे ऐका: यक, दु, से, चोर, पंज, शश, हफ्त, हश्त, नुह, दह. चार म्हणजे 'चोर' एवढं ध्यानात ठेवा, नाहीतर भाजीवाली "चोर" म्हणाली की बाबा उगाच मागे वळून बघतील. शंबे म्हणजे शनिवार, आणि तिथून पुढे वार मोजत जायचं: यकशंबे रविवार, दुशंबे सोमवार. पूर्वी इथे सोमवारचा बाजार भरायचा म्हणून शहराचं नाव दुशांबे. मध्ये 1929 ते 1961 त्याचं स्तालिनाबाद झालं होतं, मग पुन्हा सोमवार.

रस्तोरस्ती हिरव्या क्रॉसखाली 'दोरुखोना' लिहिलेलं दिसेल. वाचून बाबांनी नाक मुरडू नये. दोरु म्हणजे औषध, आणि दोरुखोना म्हणजे मेडिकलचं दुकान. रुग्णालयाला बेमोरखोना म्हणतात.

अडचण कानाची नाही, डोळ्यांची आहे. ताजिक भाषा रशियन लिपीत लिहितात, आणि तिची निम्मी अक्षरं इंग्रजीसारखी दिसून आपल्याला फसवतात. इंग्रजी 'पी'सारखं दिसतं तो 'र', 'एच'सारखं दिसतं तो 'न', 'सी'सारखा 'स', 'बी'सारखा 'व', 'एक्स'सारखा 'ख'. त्यामुळे भट्टीवरच्या पाटीवर एच-ओ-एच दिसलं तर ते 'नॉन' आहे, म्हणजे नान, तिथली रोटी. दुकानातल्या चिठ्ठीवर 'हॅपएक्स' असं काहीतरी दिसेल, ते 'नर्ख' आहे, म्हणजे भाव. आपल्या जुन्या बाजारातला निरख तो हाच. आणि सगळ्यात कामाचं: स्वच्छतागृहाच्या दारावर 'एम' असेल तर मर्दोना. इंग्रजी तीनच्या आकड्यासारखं अक्षर असेल तर तो 'झ', झनोना. म्हणजे जनाना. आईंना हे आकड्यानेच पाठ करून द्या: तीन नंबरचं दार आपलं.

सहा-सात वाक्यं मुलीकडून आधी फोनवर घोटून घ्या. भेटताना उजवा हात छातीवर ठेवून "अस्सलोमु अलेकुम". आभार मानताना "रहमत". भाव विचारताना "नर्खश चंद?" ड्रायव्हरला "अका" म्हणायचं, म्हणजे दादा. वयस्क बाईला "खोला", मावशी. एकदा खोला म्हणून हाक मारली की पाव किलोवर मूठभर जास्त पडतंच.

आता खाणं. शाकाहारी माणसाला ताजिकिस्तान अवघड आहे असं सगळे सांगतात, आणि ते निम्मं खरं आहे. पाहुणचार म्हणजे मांस असा तिथला हिशोब आहे. तुम्ही "मन गुश्त नमेखुरम" म्हणालात, म्हणजे मी मांस खात नाही, तर समोरच्याच्या चेहऱ्यावर काळजी दिसते: आजारी आहात का? मी एकदा एका चायखोन्यात मोशकिचिरी मागवली. मोश म्हणजे मूग आणि किचिरी म्हणजे अर्थातच खिचडी. मूग-तांदूळ बघून गटातल्या मंडळींच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. "बेगुश्त" असं बजावून सांगितलं होतं. ताट आलं, वर एक तुकडा नाही. पहिल्याच घासाला कळलं की खिचडी मांसातच शिजली होती, फक्त तुकडे वेचून काढले होते. त्यांच्या दृष्टीने ते प्रामाणिकपणे बेगुश्तच होतं. म्हणून बाहेर शिजवलेल्या भाताच्या आणि रस्स्याच्या नादी लागू नका. तळणीला आणि फतीरच्या, म्हणजे पदर सुटलेल्या रोटीच्या, पदरांना कधीकधी मेंढीच्या शेपटीची चरबी वापरतात, तिला दुंबा म्हणतात. कडक पाळणाऱ्यांनी "दुंबा?" एवढं विचारावं. उत्तर मानेनेच मिळतं.

निर्धास्त खावं असं काय, तर आधी नॉन. तंदुरातून काढलेला, मध्ये टोचून नक्षी केलेला, वर तीळ लावलेला. मग कुरुतोब. दह्याच्या वाळवलेल्या खारट गोळ्यांना कुरुत म्हणतात, ते पाण्यात विरघळवायचे आणि लाकडी परातीत कुस्करलेल्या फतीरवर ओतायचे. वरून गरम तेलातला कांदा, टोमॅटो, काकडी आणि मूठमूठ कोथिंबीर-शेपू. सगळ्यांनी एकाच परातीतून हाताने खायचं. ताकात कुस्करलेली भाकरी खाऊन वाढलेल्या माणसाला यात परकं काही वाटत नाही. काही ठिकाणी वर मांस टाकतात, ते तेवढं नको म्हणून सांगायचं. भोपळा भरलेला सामोसाही मिळतो, पण "कदू" असं नाव घेऊनच मागा, कारण नुसतं सम्बुसा म्हटलं की मांसाचाच येतो.

आणि आता खास आईंसाठी. मेहरगोन बाजारात दुधादह्याच्या रांगेत जा. पांढऱ्या फडक्याखाली झाकलेल्या बादल्या घेऊन बायका बसलेल्या असतात. त्यांना "चक्का" म्हणा. चक्काच मिळेल. तोच शब्द, तोच पदार्थ, फडक्यात बांधून पाणी काढलेलं दही. मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी त्या बाईकडे बघतच राहिले, आणि ती मला चमच्याने चाखवत राहिली. बहुतेक वेळा त्यात मीठ घातलेलं असतं, त्यामुळे "बेनमक" हवा असं सांगायचं, तरी चाखल्याशिवाय घेऊ नका. तो घरी आणून साखर आणि सोबत नेलेली वेलची घालून मुलीच्या खोलीवर श्रीखंड करा. तिच्या तिथल्या मैत्रिणींना गोड चक्का ही कल्पनाच झेपत नाही, ती गंमत बघण्यासारखी असते.

घरून मेतकूट, चटण्या, दशम्या जरूर न्या. एक गोष्ट मात्र सामानातून काढा: मुंबईहून थेट विमान नाही, आणि दुबईमार्गे जाणार असाल तर खसखस चालत नाही. अमिरातीत ती अमली पदार्थांत मोजतात. काळ्या मसाल्यात किंवा लाडवात घातली असेल तर तोही डबा घरीच राहू द्या. दिल्लीमार्गे किंवा ताश्कंदमार्गे गेलात तर हा प्रश्न येत नाही, पण ताश्कंदला विमानतळाबाहेर पडायचं असेल तर उझबेकिस्तानचा वेगळा व्हिसा लागतो का ते आधी तपासा. ताजिकिस्तानचा ई-व्हिसा सरकारी संकेतस्थळावरच काढा, पत्त्याच्या शेवटी 'टीजे' असतं. तसंच दिसणारी दलालांची पानं दुप्पट पैसे घेतात. छापील प्रत सोबत ठेवा. तुम्ही हॉटेलात न राहता मुलीकडे राहणार असाल तर परदेशी लोकांच्या नोंदणीचं काय करायचं ते तिच्या कॉलेजच्या ऑफिसात निघण्याआधीच विचारून ठेवायला सांगा.

पैशांबद्दल थोडक्यात. चलन सोमोनी, एका डॉलरला गेल्या काही वर्षांत साधारण नऊ ते अकरा, म्हणजे एक सोमोनी आठ-नऊ रुपयांचा धरा. रुपया तिथे कुणी बदलून देत नाही, आणि आपलं फोनवरून पैसे द्यायचं प्रकरण तिथे विसरायचं. डॉलर न्या, तेही कोरे. कोपरा दुमडलेली, शाईचा ठिपका पडलेली नोट खिडकीतून परत येते. बदलून घ्यायचे ते बँकेत किंवा पाटी लावलेल्या काउंटरवर, बाजारात कुणी हात धरून बोलावलं तर नाही. दुशांबेत आणि खुजंदला एटीएम आहेत, डोंगरात रोखच. सुट्टे पैसे जपा. वीस सोमोनीची नोट हातात आली की मुलीला दाखवा: त्यावर इब्न सिना आहे, तिच्या शास्त्रातला हजार वर्षांपूर्वीचा मोठा वैद्य.

कपड्यांची काळजी तर अजिबात नको. इराणच्या बातम्या बघून लोकांना वाटतं की इथेही डोकं झाकावं लागेल. उलट आहे. इथलं सरकार धार्मिक पेहरावाबाबत कडक आहे, 2024 मध्ये तर 'परकी वस्त्रं' म्हणून हिजाबावर कायद्यानेच बंदी आणली. बाया रंगीबेरंगी अतलसचा गुडघ्याखाली येणारा झगा आणि खाली त्याच कापडाची विजार घालतात. झग्याला म्हणतात कुर्ता आणि विजारीला एझोर. आपली इजार. म्हणजे आईंचा पंजाबी ड्रेस तिथल्या गर्दीत मिसळून जाईल. साडी नेसून बाजारात गेल्या तर मात्र एक तास जास्त धरा. "हिंदुस्तोन! हिंदुस्तोन!" करत बाया पदराला हात लावून बघतात, फोटो काढतात, आणि साठीच्या पुढचा एखादा माणूस राज कपूरचं नाही तर मिथुनचं गाणं म्हणायला लागतो. बाबांनी सोबत दोन ओळी म्हटल्या तर चहा फुकट. दर्ग्यात किंवा मशिदीत जाताना तेवढा एक स्कार्फ पर्समध्ये असू द्या.

चहावरून आठवलं. कुणी "मरहमत, चोय" म्हणून घरात बोलावलं तर पहिल्यांदा छातीवर हात ठेवून नको म्हणा. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा बोलावलं तर ते मनापासूनचं आहे, जा. चपला उंबऱ्याबाहेर, हे आपल्याला सांगायला नको. दारापासून सगळ्यात लांबची जागा पाहुण्याची, तिथे बसवतील तेव्हा संकोच करू नका. यजमान चहा किटलीतून पियाल्यात ओततो आणि परत किटलीत, असं तीनदा करतो, मग तुम्हाला देतो, तोही अर्धाच पियाला. हा कंजूषपणा नव्हे. थोडा थोडा ओतायचा म्हणजे पुन्हा पुन्हा विचारता येतं. काठोकाठ भरलेला पियाला समोर आला तर समजा, आता उठायची वेळ झाली. नॉन सुरीने कापायचा नाही, हाताने तोडायचा, आणि पालथा कधी ठेवायचा नाही. माझ्या गटातल्या एका मुलाने नकळत पालथा ठेवला होता. बोलता बोलता आजीबाईंनी, त्याच्याकडे न बघता, हळूच सुलटा केला.

शहरात तीन दिवस पुरतात. पुरातत्त्व संग्रहालयातला निजलेला बुद्ध चुकवू नका, मातीचा, जवळजवळ तेरा मीटर लांब, दक्षिणेतल्या अजिना-तेप्पा इथे सापडलेला. अजिंठ्याच्या 26 क्रमांकाच्या लेण्यातला महापरिनिर्वाणाचा बुद्ध ज्यांनी पाहिलाय त्यांना क्षणभर आपण कुठे आलो ते कळेनासं होतं. हिसोरचा किल्ला अर्ध्या दिवसाचं काम. नुरेकचं धरण 300 मीटर उंचीचं आहे, आपलं कोयना 103, पण पोलीस पहारा असतो, कॅमेरा पिशवीतच राहू द्या. सरकारी इमारती, चौक्या, सीमा यांचे फोटो काढायचे नाहीत, ड्रोन नेऊच नका.

बाकी किरकोळ. घड्याळ अर्धा तास मागे घ्या. नळाचं पाणी पिऊ नका. डोंगरात शौचालय म्हणजे खड्डा, पाणी नसतं, बाटली आणि टिश्यू सोबत. बाबांच्या गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, दहाऐवजी पंधरा दिवसांच्या, हातातल्या बॅगेत. कोडीनचं खोकल्याचं औषध किंवा ट्रॅमाडॉल मुळीच नको. रुग्णवाहिकेचा नंबर 103. लांबच्या प्रवासाला शेअर टॅक्सी सीटवर मिळते, पण तुम्ही तिघं आहात, चौथ्या सीटचेही पैसे देऊन गाडी आपलीच करा, म्हणजे बाबा म्हणतील तिथे थांबता येईल. परत येताना शहराच्या वेशीवर ड्रायव्हर गाडी धुवायला थांबला तर वैतागू नका. मळक्या गाडीला दुशांबेत दंड होतो.

मे महिन्यात रस्त्याकडेच्या तुतींना फळ धरलेलं असतं. तिला तिथे 'तूत' म्हणतात, आणि झाडाखाली उभं राहून खाल्ली तर कुणी हटकत नाही. येताना आणायचं तर सुका मेवा आणा, आणि त्यातही जर्दाळू. शब्द 'झर्दोलु'. चार ढिगांतून चाखून घ्या. दिसायला नारिंगी, चकचकीत असतो तो गंधकाची धुरी दिलेला. तपकिरी, सुरकुतलेला, ओबडधोबड असतो तो उन्हात वाळलेला. तो घ्या, दोन किलो तरी.